खुलासा: ‘केवळ विश्वासाने’ म्हणजे आज्ञापालन नको, असे नव्हे

नागपुरात अजूनही ऐकू येणारा समज असा, की कॅथॉलिक कर्मांनी तारण (पापापासून मुक्ती) कमावतात आणि ‘केवळ विश्वासाने’ तारण मिळते असे मानणाऱ्या प्रोटेस्टंटांना देवाच्या आज्ञापालनाची गरजच नाही. हा दोघांवरही अन्याय आहे. बायबलमधील प्रेषित पौल (रोमकरांस पत्र ३:२८) मनुष्य नियमशास्त्राच्या (मोशेच्या धर्मनियमांच्या) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान (देवापुढे योग्य) ठरतो असे म्हणतो, ‘केवळ’ हा शब्द तेथे मूळ ग्रीकमध्ये नाही, तो प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरने १५२२च्या जर्मन भाषांतरात घातला. बायबलमधीलच दुसरा पत्रलेखक याकोब (याकोबाचे पत्र २:२४) ‘केवळ विश्वासाने नव्हे’ असे लिहितो, कारण त्याच्यासमोर कृतीवाचून मेलेला विश्वास आहे. ल्यूथरही सत्कृत्यांना विश्वासाचे फळच मानत असे, तर कॅथॉलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये देवाच्या कृपेआधीचे कोणतेही कर्म नीतिमत्त्व मिळवून देत नाही, असे स्पष्ट केले. खरा मतभेद पुढचा आहे: सत्कृत्यांनी नीतिमत्त्व वाढते, हे ट्रेंटचे मत प्रोटेस्टंट मानत नाहीत.