रोटरी इंजिन: कार्बोरेटर बदलल्यावर बिघडणारं आयडलिंग

रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या वांकेल इंजिनवरचा कंपनीचा कार्बोरेटर काढून दुसरा बसवला की बरेचदा एकच तक्रार येते. गाडी पळते झकास, पण उभी राहून आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता) आली की थरथरते, आरपीएम वरखाली होतो, मिसिंग मारते आणि सिग्नलला बंद पडते. हे सगळ्यात जास्त दिसतं माझदाच्या पहिल्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये (१९७८ ते १९८५), कारण तिच्यातल्या १२ए इंजिनवरचा मूळ निक्की फोर-बॅरल (चार घशांचा) कार्बोरेटर काढून वेबर, डेलॉर्टो नाहीतर हॉली कंपनीचा बसवायची हौस अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, प्वेर्तो रिको अशा ठिकाणी फार जुनी आहे. भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, त्यामुळे आपल्याकडे हा विषय मोजक्या इम्पोर्टेड गाड्या आणि परदेशातले मराठी गाडीवेडे यांच्यापुरताच. पण मारुती ८०० चा कार्बोरेटर ज्याने उघडलाय त्याला यातलं अर्धं ओळखीचं वाटेल, उरलेलं अर्धं मात्र फक्त रोटरीचं.

आधी हे इंजिन हवा कुठून घेतं ते बघू. १२ए मध्ये दोन रोटर, प्रत्येकी ५७३ सीसी, एकूण ११४६. प्रत्येक रोटरला दोन इनटेक पोर्ट (हवा-पेट्रोल आत यायची भोकं), एक मधल्या लोखंडी प्लेटमध्ये आणि एक बाहेरच्या. निक्कीचे दोन प्रायमरी बॅरल मधल्या पोर्टना हवा देतात आणि सेकंडरी बाहेरच्यांना, म्हणजे आयडलला फक्त छोटे बॅरल आणि मधले पोर्ट काम करतात, हवेचा वेग टिकून राहतो आणि पेट्रोल व्यवस्थित फुटतं. आता त्या जागी ४८ आयडीए वेबर आणला तर त्याचा एकेक ४८ मिमीचा घसा एकेका रोटरच्या दोन्ही पोर्टना सांभाळतो, प्रायमरी-सेकंडरी भानगडच नाही, आयडलला वेग पडतो आणि पेट्रोलचे थेंब मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनपर्यंत हवा नेणाऱ्या पाइपांच्या) भिंतीला चिकटतात. त्यात १२ए चा एक्झॉस्ट पोर्ट रोटर हाउसिंगच्या घेरावर असल्यामुळे थोडा जळका गॅस पुढच्या चार्जमध्ये मिसळतोच, म्हणून रोटरीला आयडलला मिश्रण पिस्टनवाल्या इंजिनपेक्षा थोडं रिच (पेट्रोल जास्त) लागतं. पिस्टनच्या सवयीने स्क्रूने मिश्रण लीन (पेट्रोल कमी) करत गेलेला माणूस इथे फसतो.

तरी पहिला संशय नव्या कार्बोरेटरवर घेऊ नये, पहिला संशय हवेवर. निक्की निघाला की त्याच्याभोवतीचं एमिशनच्या व्हॅक्यूम पाइपांचं जंजाळही लोक उपटून टाकतात, आणि मग मॅनिफोल्डवर एखादं नॉझल उघडं राहतं किंवा त्यावर बसवलेली रबरी टोपी उन्हाने तडकलेली असते. मॅनिफोल्डचं गॅस्केट, अॅडॉप्टर प्लेट, थ्रॉटल शाफ्टची झिजलेली भोकं, ब्रेक बूस्टरचा पाइप, सगळीकडे बघायचं. बूस्टर हा खास चोर आहे, कारण या मॅनिफोल्डवर त्याचा पाइप बरेचदा एकाच रनरला (एका रोटरकडे जाणाऱ्या नळीला) जोडलेला असतो, आत पडदा फाटला असेल तर एकच रोटर लीन होतो आणि दुसरा मस्त चालतो. पाइप काढून तोंड बंद केलं की लगेच कळतं. बाकीच्या सांध्यांवर कार्ब क्लीनर थोडा थोडा मारायचा, आरपीएम बदलला तिथे हवा ओढतेय. तापलेल्या एक्झॉस्टजवळ हा खेळ जपून, आणि पेट्रोल शिंपडून बघायचा शहाणपणा तर नकोच. मॅनिफोल्ड काढलाच असेल तर त्यातल्या पाण्याच्या वाटेची ओ-रिंग पण नवी टाकावी, ती गळली तर कूलंट इनटेकमध्ये जातं, पांढरा धूर येतो आणि माणूस इंजिनच गेलं म्हणून घाबरतो.

हवा बंद झाली तरी आयडल सुधारत नसेल तर मिक्श्चर स्क्रू काय सांगतो ते बघायचं. स्क्रू हळूच तळाला टेकवून साधारण एक ते दीड फेरा बाहेर काढला की इंजिनने प्रतिसाद द्यायला हवा, आत फिरवला की अडखळायला हवं. पूर्ण आत नेला तरी ढिम्म फरक नाही, तर थ्रॉटलची पाकळी जास्त उघडी आहे आणि पेट्रोल आयडलच्या भोकातून नाही तर त्याच्या वरच्या प्रोग्रेशन होल्समधून (थ्रॉटल थोडं उघडल्यावर पेट्रोल देणाऱ्या भोकांतून) येतंय, मग स्क्रू फिरवून काय उपयोग. आता पाकळी जास्त का उघडलीय? बहुतेक वेळा टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) मागे गेलंय, त्यामुळे आरपीएम पडला आणि कोणीतरी स्पीड स्क्रू पिळून तो वर आणला. म्हणजे कार्बोरेटरची म्हणून दिसणारी तक्रार खरी डिस्ट्रिब्यूटरची (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) असते! माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, जेटवर जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भाग) बदलले जातात आणि टायमिंग लाइट कपाटातच राहतो.

टायमिंगचं थोडक्यात सांगायचं तर प्रत्येक रोटरला दोन प्लग, आधी ठिणगी देणारा लीडिंग आणि नंतरचा ट्रेलिंग. १९८१ ते ८५ च्या १२ए ला लीडिंग शून्य अंशावर आणि ट्रेलिंग त्यानंतर २० अंशांनी, पुलीवर पिवळी खूण लीडिंगची, लाल ट्रेलिंगची, कंपनीचा आयडल ७५० च्या आसपास. आयडल सांभाळतो तो लीडिंगच. एकेका रोटरच्या लीडिंगची वायर काढून (मोकळी लोंबकळत न ठेवता बॉडीला अर्थ करून) बघितलं की ज्याची काढल्यावर आरपीएम पडत नाही तो रोटर झोपलाय. काम करताना लीडिंग-ट्रेलिंगच्या वायरींची अदलाबदल होणं अगदी नेहमीचं. व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा (हवेच्या ओढीनुसार टायमिंग पुढे नेणाऱ्या भागाचा) पाइप थेट मॅनिफोल्डला जोडला तर आयडलला टायमिंग हलत राहतं, मग सुई स्थिर कुठून राहणार.

पेट्रोलचं प्रेशरही बघावं. वेबरला ३ पीएसआयच्या आसपास पुरतं, त्याहून जास्त झालं की नीडल व्हॉल्व्ह धरत नाही, फ्लोटची पातळी चढते, ओव्हरफ्लो होतो आणि प्लग काळे पडतात. निक्कीला टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन असते, वेबरला नसते, म्हणून रिटर्नवाला रेग्युलेटर लावलेला बरा, नाहीतर गरम इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की दोन मिनिटं तमाशा. सेकंडहँड कार्बोरेटर असेल तर आयडल जेटमध्ये कचरा असणारच असं धरून चालावं, आणि सिंक्रोमीटरने दोन्ही घशांची हवा मोजावी, जुन्या शाफ्टला पीळ पडलेला असला की एक पाकळी आधी उघडते.

एवढं करूनही एकच रोटर रडत असेल तर कॉम्प्रेशन. साधा गेज इथे फसवतो कारण तो फक्त सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो, आणि रोटरला तर तीन बाजू. गेजमधला व्हॉल्व्ह काढून स्टार्टर मारला तर सुईचे तीन झटके सारखे दिसायला हवेत. माझदाच्या मॅन्युअलप्रमाणे २५० आरपीएमला किमान ६ किलो प्रति चौरस सेंमी आणि तीन बाजूंत दीड किलोपेक्षा जास्त फरक नको. ओव्हरफ्लोमुळे पेट्रोलने एपेक्स सीलवरचं (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांवरचं) ऑइल धुऊन गेलं तरी आकडा पडतो, तेव्हा पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर मारून आत साचलेलं पेट्रोल बाहेर काढायचं, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल घालायचं आणि परत मोजायचं.

ऑइलची गोष्ट याच्याशीच जोडलेली. निक्कीमध्ये ऑइल मोजून देणाऱ्या मीटरिंग पंपाच्या बारीक नळ्या येऊन सीलला ऑइल देतात, वेबरवर त्यांना जागाच नसते. बरेच जण पंपाच्या जागी प्लेट ठोकतात आणि पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात, १:१०० च्या आसपास. प्लेट ठोकून मिसळायचं विसरले की सील झिजतात, काही महिन्यांनी आयडल बिघडतं आणि शिव्या परत कार्बोरेटरलाच.

पोर्ट कापलेल्या (मोठे केलेल्या किंवा नव्या जागी काढलेल्या) इंजिनचा हिशेब वेगळा. ब्रिजपोर्ट किंवा पेरिफेरल पोर्टमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट बराच वेळ एकत्र उघडे राहतात, त्यामुळे तो ‘ब्रॅप ब्रॅप’ आवाज आणि लंगडणारं आयडल हे दोष नाहीतच. पेरिफेरल पोर्टवाल्याला १५०० च्या पुढेच समाधान मानावं लागतं, ७५० वर आणायच्या नादात तो फक्त प्लग खराब करतो.