बॉल सगळ्यांनी पाहिला, धक्का कोणीच नाही

२४ सप्टेंबर २०१२. सिअ‍ॅटलमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सोमवार रात्रीचा सामना अगदी शेवटाला आला होता. घड्याळात ८ सेकंद उरलेले, ग्रीन बे पॅकर्स १२-७ असे पुढे. सिअ‍ॅटल सीहॉक्सकडे एकच चाल शिल्लक होती आणि ती खेळायची होती पहिल्याच मोसमातल्या रसेल विल्सनला. त्याने २४ यार्डांच्या रेषेवरची ती चाल घेतली, मागे सरकला आणि चेंडू उंच भिरकावला, मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये. तिथे दोन्ही संघांच्या खेळाडूंचा घोळका वाट पाहत उभा होता. सगळ्यांनी उड्या मारल्या. पॅकर्सच्या एम. डी. जेनिंग्जने हवेतच दोन्ही हातांनी चेंडू छातीशी ओढला. सीहॉक्सच्या गोल्डन टेटनेही त्याच चेंडूत हात घातला. दोघं एकमेकांत गुंतून खाली कोसळले.

दोन पंच धावत आले. एकाने दोन्ही हात सरळ वर केले, म्हणजे टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये सीहॉक्सच्या ताब्यात), सीहॉक्स जिंकले. त्याच्या शेजारीच उभ्या असलेल्या दुसऱ्याने डोक्यावर हात हलवून घड्याळ थांबवण्याची खूण केली, म्हणजे टचडाउन अजून ठरलेलं नाही. एकाच झेलाचे दोन अर्थ, एकाच क्षणी, एकाच फोटोत. शेवटी टचडाउन कायम राहिलं, निकाल १४-१२ लागला आणि अमेरिकेत जो गदारोळ उठला त्यात खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामांनीही ‘नेहमीचे पंच परत आणा’ या सुरात सूर मिसळला.

कारण हे पंच नेहमीचे नव्हतेच. एनएफएल या लीगने जूनपासून आपल्या १२१ पंचांवर टाळेबंदी लादली होती. वाद पगाराचा आणि मुख्यतः पेन्शनचा होता. लीगची वर्षाची उलाढाल तेव्हा ९ अब्ज डॉलरच्या घरात होती. त्या मानाने भांडणातली रक्कम चिल्लरच म्हणायची. मोठ्या कॉलेज स्पर्धांचे पंच बदली यायला तयार झाले नाहीत, म्हणून खालच्या दर्जाच्या कॉलेज स्पर्धांतून, शाळांच्या सामन्यांतून माणसं गोळा करण्यात आली. विस्कॉन्सिनचे तेव्हाचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी कामगार संघटनांशी उभा दावा मांडून नाव कमावलं होतं. पॅकर्स हा त्यांच्याच राज्याचा संघ. या सामन्यानंतर त्यांनीही ‘खरे पंच परत आणा’ अशी मागणी केली. ती संघटित पंचांचीच बाजू होती, हे त्या घटकेला बहुधा त्यांच्या लक्षात आलं नसावं.

लीगचा हिशेब सोपा होता. नियम पुस्तकात छापलेले आहेत, डोळे सगळ्यांना सारखेच आहेत, मग शिट्टी कोणीही फुंकावी. या हिशेबात नेमकी काय चूक होती ते सांगायला मेंदूविज्ञान बरंच उपयोगी पडतं.

आधी त्या झेलाचं बघू. नियम असा, की दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकाच वेळी झेल घेतला आणि दोघांनीही तो धरून ठेवला, तर चेंडू फेकणाऱ्या संघाचा. पण एकाने आधी ताबा मिळवला आणि दुसऱ्याने नंतर हात घातला, तर तो एकत्र झेल नव्हे. म्हणजे सगळा प्रश्न ‘आधी कोण’ एवढाच. प्रयोगशाळेत शांत बसलेल्या, सराव झालेल्या माणसाला दोन साध्या खुणांचा क्रम, म्हणजे आधी ही चमकली की ती, ओळखायला त्यांच्यात साधारण २० मिलिसेकंदांचं अंतर लागतं. त्याहून कमी असेल तर उत्तर म्हणजे निव्वळ अंदाज. इथे प्रयोगशाळा नव्हती. चार हात, एक चेंडू, मध्ये येणारी खांदे-शिरस्त्राणं आणि स्वतः पळत आलेला पंच. शिवाय ‘ताबा’ ही चमकणाऱ्या दिव्यासारखी एका क्षणात घडणारी गोष्टच नाही. बोट लागणं, पकड बसणं, चेंडू हलायचा थांबणं, पाय टेकणं अशी ती हळूहळू पुरी होते. तिच्यातला कुठला क्षण मोजायचा हे डोळा सांगत नाही, ते आपण ठरवतो.

दोघा खेळाडूंना मात्र झेल आपलाच याची पक्की खात्री होती. ते खोटं बोलत होते असं समजायचं कारण नाही. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या टाय टँग आणि मायकेल मॅकबीथ यांनी २०१९ मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. समोरासमोर बसलेल्या दोघांनी दिवा लागला की एकमेकांच्या हाताला स्पर्श करायचा आणि आधी कोणी केला ते सांगायचं. स्पर्श जवळपास एकाच वेळी झाला की दोघंही म्हणायचे, ‘आधी मी.’ आपली कृती माणसाला सुमारे ५० मिलिसेकंद आधी घडल्यासारखी वाटते, असं त्यांना आढळलं. चेंडू कोणाला लागून बाहेर गेला यावरून गल्लीतल्या खेळातही जी हमरीतुमरी होते, तिच्यात दोन्ही बाजू प्रामाणिक असू शकतात. आपल्याकडे यावरून मैत्र्या तुटलेल्या आहेत.

तेव्हा झेलाच्या निर्णयावर मी तरी त्या बदली पंचांना फार धारेवर धरणार नाही. माझ्या मते झेल जेनिंग्जचाच होता, पण ते घरी बसून, दहा वेळा बघून बनवलेलं मत आहे. खरी चूक त्याच्या आधीच होऊन गेली होती.

चेंडू हवेत असतानाच टेटने पॅकर्सच्या सॅम शील्ड्सला दोन्ही हातांनी ढकलून बाजूला केलं. शील्ड्स तोंडघशी पडला. ही नियमाने सरळ पेनल्टी. दुसऱ्या दिवशी लीगने स्वतःच मान्य केलं, की ती द्यायलाच हवी होती आणि दिली असती तर सामना तिथेच पॅकर्सच्या विजयाने संपला असता. तरीही तेव्हा आणि नंतरही सगळी भांडणं झेलावरूनच झाली. धक्का टीव्हीवर स्पष्ट दिसतो, पण पहिल्यांदा पाहताना तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सगळे चेंडूकडे बघत असतात, आणि दुर्दैवाने पंचही.

डोळ्याचा बारकावे टिपणारा भाग किती लहान असतो याची आपल्याला कल्पना नसते. हात पूर्ण लांबवून अंगठा समोर धरा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढा, साधारण दोन अंशांचा, दृश्याचा तुकडाच एका वेळी नीट स्पष्ट दिसतो. बाकीचं सगळं धूसर असतं. नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारून त्याची ठिगळं जोडत राहते आणि सगळं स्पष्ट दिसतंय असा आपला समज होतो. त्यातून हलणाऱ्या वस्तूकडे नजर आपोआप ओढली जाते. उंच उडालेला चेंडू हे तर नजरेला दिलेलं आमंत्रणच. एनएफएलमध्ये मैदानावर सात पंच असतात आणि चाल सुरू होण्याआधी प्रत्येकाची माणसं वाटून घेतलेली असतात: तू या कडेचा खेळाडू बघ, मी तो बघतो. चेंडू आपल्या टापूत येईपर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. टीव्हीवरचा पुढचा सामना चेंडूकडे न बघता पाच मिनिटं बघून दाखवा.

अनुभवाने काय बदलतं, यावर बेल्जियममध्ये साध्या फुटबॉलच्या, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्या, पंचांवर काम झालं आहे. डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र लावून अव्वल पंच आणि त्यांच्या एक पायरी खालचे पंच यांना फाउलच्या चित्रफिती दाखवल्या. अव्वल पंचांची नजर जिथे शरीराला शरीर भिडतं त्या जागेवर जास्त वेळ टिकली, इकडेतिकडे कमी भटकली, आणि त्यांचे निर्णयही जास्त बरोबर आले. चित्रफीत तीच, फरक होता तो कुठे बघायचं हे आधीच माहीत असण्याचा.

बदली पंचांचे त्या तीन आठवड्यांतले घोटाळे या नजरेने पाहिले की नीट उलगडतात. टेनेसी टायटन्सच्या एका सामन्यात १५ यार्डांची पेनल्टी मोजताना सुरुवातच चुकीच्या रेषेपासून झाली आणि संघाला २७ यार्ड मिळाले. मिनेसोटातल्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रशिक्षकाला नियमात बसत नसताना दोनदा पंचांच्या निर्णयाला आव्हान देऊ दिलं. यात नियम नीट माहीत नसण्याचाही भाग होता. पण ज्या गोष्टी मुरलेला पंच विचार न करता करतो, त्यांच्यासाठी यांना जाणीवपूर्वक डोकं चालवावं लागत होतं. माणसाचं लक्ष मोजकंच असतं. ते आकडेमोडीत गेलं की धक्क्यासाठी उरत नाही.

सिअ‍ॅटलच्या मैदानात आणखी एक गोष्ट होती, आवाज. हे स्टेडियम कानठळ्यांसाठीच प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये, तिथे १३७.६ डेसिबलची नोंद होऊन विक्रम झाला. गर्दी पंचाला घाबरवते असं आपण म्हणतो, पण प्रकार त्याहून बारीक आहे. अ‍ॅलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ४० पात्र पंचांना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर या सामन्यातले ४७ प्रसंग दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना मूक. खोलीत बसलेल्या पंचांना कसली भीती? तरीही आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. निर्णय धूसर असेल तेव्हा मेंदू मिळेल तो पुरावा वापरतो, आणि हजारो गळ्यांतून निघालेला हुंकार हाही त्याला पुरावाच वाटतो. कोविडच्या काळात रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा पाहुण्या संघांना मिळणाऱ्या पिवळ्या कार्डांचं पारडं बरंच समतोल झाल्याचं युरोपातल्या अभ्यासांत दिसलं.

सिअ‍ॅटलच्या त्या दोघा पंचांच्या बाबतीत मला सगळ्यात बोलकी वाटते ती त्यांची खूण करण्याची घाई. मुरलेल्या जोडीला शिकवलेलं असतं, की दोघं एकाच झेलापाशी पोहोचले तर आधी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, मग हात उचलायचा. तू काय पाहिलंस, माझ्या बाजूने काय दिसलं, याची अर्ध्या सेकंदाची बोलणी. एकाला पाठ दिसते, दुसऱ्याला हात दिसतात. दोन अपुऱ्या दृश्यांतून एक पुरेसं दृश्य तयार होतं. तिथे तसं झालंच नाही, आणि एकदा हात वर गेल्यावर परतीचा रस्ता बंद झाला.

बंद झाला तो व्हिडिओच्या नियमामुळे. मैदानावरचा निर्णय फिरवायला निर्विवाद पुरावा लागतो. म्हणजे अर्ध्या सेकंदात घेतलेला अंदाज हाच पाया धरून पुढची सगळी तपासणी होते. क्रिकेटमध्ये मैदानावरच्या पंचाने झेलाबाबत आधी ‘सॉफ्ट सिग्नल’ द्यायचा आणि टीव्ही पंचाने त्याला धरून चालायचं, ही पद्धतही याच कारणाने वादात सापडली आणि आयसीसीने जून २०२३ पासून ती काढून टाकली. बरं, कॅमेराही तटस्थ नसतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लोकांना तीच घटना नेहमीच्या आणि मंद गतीत दाखवली. मंद गतीत पाहणाऱ्यांना कृती जास्त हेतुपुरस्सर वाटली, कारण करणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ होता असा भास होतो. त्या अभ्यासात वापरलेल्या फितींमध्ये अमेरिकन फुटबॉलमधली एक टक्करही होती.

सोमवारच्या रात्री झेल, बुधवारी रात्री समेट. आठ वर्षांचा करार झाला आणि गुरुवारी, २७ सप्टेंबरला, बाल्टिमोरमध्ये जुने पंच मैदानात उतरले तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पंचांसाठी टाळ्या! असं दृश्य या खेळात सहसा दिसत नाही.

पण अनुभव म्हणजे कवच नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये उपांत्य सामना होता, पंच मुरलेले. लॉस एंजेलिस रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने चेंडू पोहोचण्याआधीच यजमान सेंट्सच्या टॉमीली लुईसला धडक दिली. स्टेडियमभर सगळ्यांना दिसलं, पंचांच्या हातून पेनल्टीचा पिवळा फ्लॅग काही पडला नाही, आणि सेंट्सची अंतिम सामन्याची संधी गेली. त्यानंतर लीगने अशा धक्क्यांचाही व्हिडिओवर फेरविचार करायची सोय केली, म्हणजे २०१२ साली टेटने दिलेला धक्का ज्या नियमाने पकडता आला असता तोच. एक मोसम तो चालला. पडद्यावर मंद गतीत दर दुसरा धक्का गुन्हा दिसायचा, निर्विवाद पुरावा कशाला म्हणायचं यावर कोणाचंच एकमत होईना, आणि प्रशिक्षक-पंच दोघंही वैतागले. २०२० मध्ये लीगने तो नियम गुंडाळला.