वेर्तेरे (लॅटिन धातू)

वेर्तेरे म्हणजे वळणे, वळवणे, फिरवणे. कन्व्हर्ट, रिव्हर्स, व्हर्जन, युनिव्हर्सिटी हे इंग्रजी शब्द या एकाच लॅटिन क्रियापदाचे. संस्कृतातला ‘वृत्’ त्याचा भाऊबंद. त्यामुळे वर्तुळ, परिवर्तन, निवृत्ती हे मराठी शब्दही त्याच भावकीतले, आणि झिजून रूप पालटलेले वाट, वाटोळे, वात हेही. वाती आपण वळतोच.

क्रियापदात बहुधा ‘व्हर्ट’ येते, नामात ‘व्हर्स’ किंवा ‘व्हर्जन’: कन्व्हर्ट–कन्व्हर्जन, डायव्हर्ट–डायव्हर्जन. लॅटिनमध्ये भूतकृदंत (‘वळलेला’सारखे रूप) करताना त-त एकत्र आले की त्यांचा ‘स’ होई, त्यातून ‘वेर्सुस’. नामाच्या स्पेलिंगमध्ये ‘टी’ घालण्याची चूक हे न कळल्याने होते. रिव्हर्स, ट्रॅव्हर्स ही क्रियापदे मात्र ‘स’वालीच आहेत.

‘वेर्सुस’चा जुना अर्थ शेतातला. औत धुऱ्याशी म्हणजे शेताच्या कडेशी पोचले की बैल वळवून दुसरे तास (नांगराची चरी) धरायचे. ते वळण आणि ते तास, दोन्ही वेर्सुस. पुढे तो शब्द लिहिलेल्या ओळीला लागला, आणि कवितेचे ‘व्हर्स’ झाले. मराठीत छंदाला ‘वृत्त’ म्हणतात, तेही याच धातूचे. ‘प्रोज’ म्हणजे गद्य, मुळात ‘प्रो-वेर्सुस’: न वळता सरळ पुढे जाणारे.

‘वेर्तेक्स’ म्हणजे पाण्यातला भोवरा आणि डोक्यावरचा केसांचा भोवराही. माथा या अर्थावरून व्हर्टिकल निघाला, फिरण्यावरून व्हर्टिगो. मराठीत भोवरा आणि भोवळ यांचे नाते असेच आहे, फक्त धातू वेगळा, ‘भ्रम्’.

‘दिवोर्तियुम’ म्हणजे रस्त्याचा फाटा, तसेच नवराबायकोची फारकत. म्हणजे रस्त्यावरची ‘डायव्हर्जन’ची पाटी आणि कोर्टातला डिव्होर्स एकाच घरचे. त्याच कोर्टातला ‘व्हर्सेस’ म्हणजे समोर तोंड वळवलेला. इन्व्हर्टरचे नाव रेक्टिफायरमुळे पडले: रेक्टिफायर एसीचा (दिशा बदलत राहणाऱ्या विजेचा) डीसी (एकाच दिशेची वीज) करतो, इन्व्हर्टर ते काम उलटे फिरवून बॅटरीच्या 12 व्होल्ट डीसीपासून 230 व्होल्ट एसी देतो.

युनिव्हर्सिटी हा शब्द ‘ऊनुस’ (एक) अधिक ‘वेर्सुस’ असा: एकात वळलेला समुदाय. मध्ययुगात तो गुरुशिष्यांच्या संघाला लावत. सगळ्या विश्वाचे ज्ञान देणारी ती युनिव्हर्सिटी, ही फोड कानाला गोड, पण चुकीची. युनिव्हर्सिटीला मराठीत ‘विद्यापीठ’ म्हणतात. त्यात हा धातू शोधू नये.

जायकवाडी धरणाच्या कालव्याचे ‘आवर्तन’ (पाणी सोडण्याची पाळी) मात्र वृत्-वेर्तेरेच्या घराण्यातले. गंमत अशी की त्याचा इंग्रजी पर्याय ‘रोटेशन’ या घराण्यातला नाही. तो ‘रोता’ म्हणजे चाकापासून आला, आणि त्याचा संस्कृत नातलग ‘रथ’.

दिसण्यावर जाऊन आणखी काही शब्द या यादीत घुसवले जातात. ‘ओव्हर्ट’ हा उघडणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचा, ‘कोव्हर्ट’ झाकण्याचा, ‘इन्व्हेस्ट’ वस्त्राचा, ‘हार्व्हेस्ट’ तर लॅटिनच नव्हे. ‘रिव्हॉल्व्ह’ आणि ‘व्हॉल्यूम’ यांत फिरणे-गुंडाळणे असले तरी त्यांचा धातू ‘वोल्वेरे’.