मेन बोअरची अचूकता: व्हाइट मेटलकडून ब्लॉककडे

शेवरोलेच्या 350 घनइंची व्ही-8 इंजिनाचा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) रेसिंगसाठी बांधायला घेतला, की अमेरिकेतला जाणता मशिनिस्ट आधी क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) खालून धरणाऱ्या पाचही मेन कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळतो आणि बेअरिंग न बसवता मेन बोअरमध्ये, म्हणजे कॅप आणि ब्लॉक मिळून होणाऱ्या गोल भोकात, डायल गेज घालतो. माप 2.6406 ते 2.6415 इंचांच्या आत हवं. म्हणजे सूट एका थाऊचीही (इंचाच्या हजाराव्या भागाचीही) नाही. शिवाय पाचही बोअर एका रेषेत हवेत. ही अट ब्लॉकवर पूर्वी इतकी कडक नव्हती. शंभर वर्षांपूर्वी अचूकतेचा भार बेअरिंगच्या मऊ धातूवर होता.

बोअर सरळ रेषेत कापण्याचं मूळ तत्त्व त्याहून जुनं आहे. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनांसाठी 1775च्या सुमारास जॉन विल्किन्सनने बोअरिंग बार सिलिंडरच्या आरपार घातला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. एकाच टोकाला धरलेला लांब बार लवतो, हत्यार भरकटतं. सगळे मेन बोअर एका रेषेत कापणारा आजचा लाइन बोअरिंग बारही त्याच युक्तीवर चालतो.

1839 मध्ये अमेरिकेत आयझॅक बॅबिटने कथील, अँटिमनी आणि तांब्याच्या मिश्रधातूचं बेअरिंग पेटंट केलं. आपल्याकडे त्याला व्हाइट मेटल म्हणतात. 1908 मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये हा धातू वितळवून थेट ब्लॉकमध्ये ओतलेला असे. दुरुस्तीच्या वेळी जुना थर काढायचा, नवा ओतायचा आणि मग त्या मऊ थरातच रेषा साधून बोअर करायचा. शेवटचा हात फिटरचा: जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा पुसट थर लावून क्रँक बसवायची, फिरवायची, उचलायची आणि जिथे निळा डाग उमटला तिथे स्क्रेपरने खरवडायचं. डाग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हेच चालायचं. ब्लॉकची जागा थोडी इकडेतिकडे असली तरी हा थर ती चूक पोटात घ्यायचा. त्या फिटरांच्या हाताला मी फार मानतो, पण त्या पद्धतीची मर्यादा धातूतच होती. वेग आणि भार वाढला की व्हाइट मेटलचा जाड थर थकतो, त्याला तडे जातात. थर पातळ असेल तर तो जास्त टिकतो, पण मग त्याला पाठीमागून पोलादाचा आधार लागतो.

त्यातूनच पातळ शेल बेअरिंग, म्हणजे दोन अर्धगोल कवचांचं बेअरिंग, आलं. अमेरिकेत क्लीव्हलँड ग्रॅफाइट ब्राँझ कंपनीने ते पुढे आणलं. इंग्लंडच्या टोनी वँडरवेलने 1930च्या दशकात त्याचा परवाना घेऊन 'थिनवॉल' नावाने बेअरिंग काढली. पुढे फेरारीच्या व्ही-12 इंजिनांतही ती बसली. वँडरवेलने स्वतःचा रेसिंग संघ उभारला तेव्हा त्याचं नाव ठेवलं व्हॅनवॉल, आणि 1958 मध्ये कन्स्ट्रक्टर्ससाठी ठेवलेलं पहिलंवहिलं फॉर्म्युला वन अजिंक्यपद याच संघाने जिंकलं.

शेल मात्र काहीच पोटात घेत नाही. ते इतकं पातळ असतं की ज्या बोअरमध्ये बसतं त्याचाच आकार घेतं. दोन्ही अर्धी शेल अर्धवर्तुळापेक्षा किंचित लांब ठेवलेली असतात. कॅप आवळली की ती बोअरच्या भिंतीवर दाबली जातात, आणि त्या दाबानेच जागेवर राहतात. बोअर मोठा झाला तर पकड सुटते आणि बेअरिंग फिरतं. बोअर लंबगोल झाला तर शेलही लंबगोल होतं. म्हणून कारखान्यात कॅप लावूनच मेन बोअर कापतात. कॅपवर नंबर आणि बाण असतात ते यासाठीच: तीन नंबरची कॅप दोनवर चालत नाही, उलटी तर नाहीच.

1955 मध्ये शेवरोलेचा स्मॉल ब्लॉक आला तेव्हा साधं 265 घनइंचाचं इंजिन 162 हॉर्सपॉवरचं होतं. त्याच घराण्यातल्या 350मधून हौशी लोक 500 काढू लागले, तेव्हा क्रँकचे धक्के कॅपवर येऊन बोअर बिघडू लागले. मूळ बोल्टऐवजी घट्ट आवळायचे स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेल्या सळ्या) लावले तरी आवळणीचा ताण बदलतो आणि कारखान्यात गोल असलेला बोअर गोल राहत नाही. बाहेरून आणलेली पोलादी फोर-बोल्ट (चार बोल्टांची) कॅप तर त्या ब्लॉकसोबत कधी कापलेलीच नसते.

इथे दोन वाटा आहेत. बिघाड थोडा असेल तर कॅपच्या बसणीतून दोन-तीन थाऊ कापायचे, कॅप आवळायच्या आणि लांब मँड्रेलवरच्या (दांड्यावरच्या) होनिंग स्टोननी, म्हणजे घासणाऱ्या दगडांनी, पाचही बोअर एकत्र मूळ मापाला आणायचे. हे लाइन होनिंग. नव्या कॅप असतील किंवा बेअरिंग फिरून जागा खराब झाली असेल, तर आधी लाइन बोअरिंग. महाराष्ट्रात ट्रक-ट्रॅक्टरच्या डिझेल ब्लॉकला ते करतात तेही बहुधा अशाच बिघाडासाठी.

होनिंगचा स्टोन मात्र कॅप आणि ब्लॉक दोन्हीकडून धातू काढतो, त्यामुळे क्रँक किंचित वर, कॅमकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याकडे) सरकते. 350मध्ये क्रँक आणि कॅमच्या मध्यांतलं अंतर 4.521 इंच असतं. ते घटलं की दोघांना जोडणारी टायमिंग चेन ढिली पडते, म्हणून बाजारात 5 आणि 10 थाऊ कमी अंतरासाठीचे चेनसेट मिळतात. पिस्टनही डेकजवळ (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाजवळ) येतो आणि गिअरबॉक्सची मध्यरेषा चुकते. बोअरिंगमध्ये बार हवा तिथे धरून बहुतेक कापणी कॅपमधूनच करता येते. माझ्या मते ब्लॉक परत देताना मशिनिस्टने क्रँक किती वर सरकली तो आकडाही कागदावर लिहून द्यायला हवा, कारण चेनसेट त्यावरूनच निवडायचा असतो.