विहिरीतला कंदील आणि खडकात कोंडलेला गॅस

आमच्या कराड-तासगावकडं जुन्या विहिरीतला गाळ काढायला उतरायच्या आधी म्हातारी माणसं दोरीला कंदील बांधून खाली सोडायची, कंदील विझला की कुणी उतरायचं नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून तळाला साचतो. आता हाच गॅस हवेत जाऊन तापमान वाढवू नये म्हणून जमिनीखाली खडकात कोंडायचं काम जगभर चाललंय, नॉर्वेच्या समुद्रातल्या स्लाइपनर या गॅसच्या साठ्याजवळ १९९६ पासून.

मग सगळे हेच विचारतात, वर आला तर कळणार कसं? मीटर लावा, गॅस दिसला की लीक, एवढं सोपं वाटतं ना? पण नाही. माती स्वतःच श्वास सोडत असते. उसाच्या रानात पाऊस पडून गेल्यावर मुळं आणि जंतू एवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात की मातीतल्या हवेत तो वरच्या हवेच्या कितीतरी पट असतो.

कॅनडात वेबर्नला तेलाच्या जुन्या साठ्यात हा गॅस कोंडतात, तिथं २०११ मध्ये एका शेतकरी जोडप्यानं सांगितलं की डबक्यात बुडबुडे येतायत, जनावरं मरतायत, खालचा गॅसच वर आलाय. मोठा गाजावाजा झाला. तपासणाऱ्यांनी नुसता गॅस मोजला नाही, त्याच्यासोबत ऑक्सिजन आणि नायट्रोजनचा हिशोब लावला. जंतूंनी केलेला असेल तर साधारण जेवढा हा वाढला तेवढा ऑक्सिजन घटलेला असतो, खालून घुसला असेल तर तो सगळ्याच हवेला ढकलतो, नायट्रोजन पण कमी होतो. शिवाय तिथं कोंडलेला गॅस कोळशापासूनचा, त्यात कार्बन-१४ (सजीवांत असणारा, हजारो वर्षांत संपत जाणारा कार्बन) उरलेलाच नसतो, आणि शेतातल्या गॅसमध्ये तो सापडला. म्हणजे गॅस मातीचाच होता.

म्हणून गॅस जमिनीखाली सोडायच्या आधीच वर्षभर, सगळ्या ऋतूंत मोजून ठेवायला लागतं, नंतर भांडत बसायला नको. बाकी स्लाइपनरला काही वर्षांनी पुन्हा पुन्हा ध्वनिलहरींनी खालचा फोटो काढतात, अल्जेरियात इन सालाहला असाच गॅस कोंडत होते तेव्हा तर जमीन वर्षाला ५ मिलिमीटरच्या आसपास फुगत होती हे उपग्रहांनी पकडलं. आणि खरा कच्चा दुवा बऱ्याचदा खडक नसतो, बोअर असतो. अमेरिकेत डिकेटरच्या अशाच प्रकल्पात २०२४ मध्ये देखरेखीच्याच एका बोअरमधून खोलवर गॅस निसटल्याचं उघड झालं, पाइप गंजलेला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं!

आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, असं काही करायचं म्हटलं तर गंमत अजून वेगळी. आइसलँडच्या बेसाल्टमध्ये पाण्यात विरघळवून सोडलेला गॅस दोन वर्षांत बहुतेक दगड झाला, म्हणून इकडच्या काळ्या पाषाणाकडं पण लोक आशेनं बघतात. पण कोयनेला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झालेला, बारीकसारीक धक्के अजून चालूच, त्यांचा अभ्यास करायला कराडला प्रयोगशाळा आहे आणि कोयना भागात ३ किलोमीटर खोल बोअर पण मारलंय. उद्या गॅस सोडला आणि भांडी वाजली, तर धक्का धरणाचा का गॅसचा, हे ठरवायला आजच्या नोंदीच काढायला लागतील.