गाठीतला गुलाबी रंग

सोयाबीन पेरून चाळीसेक दिवस झाले, की वाफशावर एखादं झाड खुरप्यानं मातीसकट खणून काढावं. उपटू नये, गाठी तुटून मातीतच राहतात. मूळ पाण्यात हलवून धुतलं की मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन, म्हणजे नत्र, झाडाला वापरता येईल असा करून देतात. त्यातली एक नखानं चिरावी. आत गुलाबी-लाल दिसलं, तर गाठ कामात आहे. पांढरी निघाली तर कच्ची किंवा निकामी. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं.

हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं हे प्रथिन, आणि तेही झाडाच्या मुळात! मला या विषयातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. हवेतला नायट्रोजन फोडणारं जिवाणूंचं एन्झाइम म्हणजे नायट्रोजनेज. ऑक्सिजन लागला की ते बिघडतं. पण ऑक्सिजनशिवाय जिवाणूंनाही श्वास घेता येत नाही. लेगहिमोग्लोबिन हा ऑक्सिजन पकडून ठेवतं आणि चिमूट-चिमूट पुरवतं. म्हणूनच झड लागून रान चिबडलं, मातीत हवा उरली नाही, की गाठींमधलं काम मंदावतं आणि पीक पिवळं पडतं.

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधानं जखडलेले असतात. तो बंध तोडायला खत कारखान्यात 400 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि हवेच्या शेकडो पट दाब लागतो. गाठीत तेच काम मातीच्या तापमानाला होतं. फुकट मात्र नाही. नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, किमान 16 रेणू खर्ची पडतात. त्यासाठी लागणारी साखर पानं बनवतात आणि मुळाकडे पाठवतात.

एवढी साखर मोजायची म्हटल्यावर झाड हिशेब ठेवणारच. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोयाबीनच्या काही गाठींभोवती नायट्रोजनच्या जागी आरगॉन वायू ठेवला. जिवाणूंकडून काहीच मिळेना, तशी त्या गाठींमधल्या जिवाणूंची वाढ रोडावली. जमिनीत आयता नत्र असेल तर झाड मुळात गाठीच कमी धरतं. सोयाबीनला युरियाचे हात मारत राहणं म्हणजे या भागीदारीवर आपणच पाणी सोडणं.

भागीदार निवडायची रीतही पाहण्यासारखी आहे. मूळ फ्लेव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं, ओळखीचा जिवाणू त्याला रासायनिक उत्तर देतो, मग मूळरोम, म्हणजे मुळावरचा बारीक केस, वळतो आणि त्याला आत घेतो. भुईमुगाची वाट वेगळी: फुटव्या मुळांच्या बेचक्यातल्या बारीक भेगांतून जिवाणू शिरतात, म्हणून त्याच्या गाठीही तिथेच बसलेल्या दिसतात. चवळी, मूग, उडीद, तूर, भुईमूग यांचं बरंचसं एकाच गटाच्या जिवाणूंवर भागतं आणि ते आपल्या मातीत असतात. सोयाबीन पूर्व आशियातलं, त्याचा जोडीदार इथे मुळात नव्हता. त्यामुळे पहिल्यांदाच सोयाबीन घेणाऱ्या रानात तरी रायझोबियमची, म्हणजे या गाठींतल्या जिवाणूंची, बीजप्रक्रिया चुकवू नये. गुळाच्या थंड पाण्यात जिवाणू संवर्धक कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी, जिवाणू शेवटी.

ब्राझीलमध्ये शास्त्रज्ञ जोहाना डोबरायनर यांनी सोयाबीनसाठी खताऐवजी जिवाणूंवर भिस्त ठेवायचा आग्रह धरला. आज तिथलं अफाट सोयाबीन जवळजवळ नत्रखताशिवाय पिकतं.

या गाठींमध्ये नत्र बांधला जातो हे हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1880 च्या दशकात दाखवलं, आणि 1888 मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी तो जिवाणू वेगळा काढला. आपल्याकडे ‘बेवड चांगला’, म्हणजे आधीच्या पिकानं रानात मागे ठेवलेला कस चांगला, हे शेतकरी अनुभवानं सांगतच होते. फक्त सगळ्या शेंगावर्गीय पिकांचा बेवड सारखा नसतो. सोयाबीनचा बराचसा नत्र दाण्याबरोबर बाजारात जातो, भुईमुगाचा पाला गुरांपुढे. तूर मात्र सहा-सहा महिने उभी राहते आणि पिकताना पानं तिथेच झाडते. तिच्या तासांमधला तो पिवळा पाचोळा गोळा करून जाळू नये, जागेवरच कुजू द्यावा.