सुक्या बीन्सची आयात आणि साठवणूक

सुके बीन्स म्हणजे शेंगेतच पिकून वाळलेले दाणे. राजमा, काळे बीन्स, चट्ट्यापट्ट्यांचे पिंटो, बारीक पांढरे नेव्ही हे सगळे दिसायला कितीही वेगळे असले तरी वनस्पतीची जात एकच, घेवड्याची (फेजिओलस व्हल्गॅरिस). एका देशात पिकलेला हा माल दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी आणणं आणि विकला जाईपर्यंत नीट ठेवणं हा या नोंदीचा विषय. "सुकंच तर आहे, त्याला काय होतंय" ही या धंद्यातली सगळ्यात महाग पडणारी समजूत, कारण बीन्सचा दाणा हे बी आहे, जिवंत आहे, अगदी मंद का होईना पण श्वास घेत असतं, आणि गोदामात पडल्या पडल्या त्याच्या आत जे बदल होतात त्यातले बरेचसे डोळ्यांना दिसतच नाहीत, थेट शिजवायला घेतल्यावर कळतात.

घेवडा मूळचा अमेरिका खंडातला, आणि तो दोन ठिकाणी वेगवेगळा माणसाळवला गेला, एकदा मेक्सिकोच्या भागात आणि एकदा अँडीज पर्वतात. मोठ्या दाण्याचा राजमा अँडीजच्या बाजूचा, बारीक काळे आणि नेव्ही दुसऱ्या बाजूचे. आज निर्यातीत अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिना, म्यानमार, इथिओपिया, चीन ही नावं कायम येतात. यात अर्जेंटिनाची गंमत अशी की तिथले लोक बीन्स फारसे खात नाहीत, जवळपास सगळं पीक बाहेर विकायलाच घेतात. ब्राझीलचं उलटं, पिकतं प्रचंड पण घरीच संपतं. आकडेवारी बघताना मात्र जपून, कारण एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) "ड्राय बीन्स"मधे बऱ्याच देशांचे मूग-उडीदही मिसळलेले असतात. कस्टम्सचे एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचे आंतरराष्ट्रीय आकडे) त्या मानानं स्वच्छ आहेत, ०७१३.३१ मूग-उडीद, ०७१३.३२ अझुकी (बारीक लाल बीन्स), ०७१३.३३ घेवडा-राजमा, ०७१३.३५ चवळी. भावाचं म्हणाल तर गहू-सोयाबीनसारखा मोठा वायदेबाजार इथे नाही. टोकियो ग्रेन एक्स्चेंजवर १९५२ पासून अझुकीचे वायदे चालायचे पण ते एक्स्चेंजही २०१३ मधे बंद झालं, त्यामुळं आयातदाराला मालाबरोबर भावाची जोखीमही स्वतःच्याच अंगावर घ्यावी लागते.

सौद्यात टन, भाव, पॅकिंग हे तर सगळेच लिहितात, पण खरं वजन पीकवर्षाला आहे. नवा माल आणि वर्षभर जुना माल पॉलिश करून शेजारी ठेवला तर भलेभले फसतात. मग ओलाव्याची टक्केवारी, फुटके दाणे, डागी दाणे, माती-खडे, किडीची भोकं, हे सगळं नमुना काढून तपासून कागदावर यायला हवं. कोडेक्सच्या (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) कडधान्यांच्या स्टँडर्डमधे (१७१-१९८९) बीन्ससाठी ओलाव्याच्या दोन मर्यादा दिल्यात, उष्ण हवामानासाठी किंवा लांबच्या साठवणीसाठी १५ टक्के आणि थंड हवामानासाठी १९ टक्के. म्हणजे १९ टक्क्यांचा माल नियमात बसतो पण तोच जर गरम दमट बंदरात उतरवला तर बुरशीला आमंत्रणच, तेव्हा "स्टँडर्डप्रमाणे" एवढंच लिहून सही करू नये. याशिवाय निर्यातदार देशाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) लागतं, आणि माल लाकडी पॅलेटवर असेल तर ती पॅलेट आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ट्रीट केलेली पाहिजे (गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं, हा त्यातला एक मार्ग). बीन्स चांगले आणि पॅलेटवर शिक्का नाही म्हणून माल अडकणं हा मूर्खपणाचा खर्च आहे.

समुद्रप्रवासात शत्रू पाणीच, पण ते बहुतेक वेळा बाहेरून येत नाही. दिवसा कंटेनर तापतो, दाण्यांतला आणि लाकडातला ओलावा हवेत उतरतो, रात्री छत गार पडलं की तोच ओलावा थेंब होऊन वरच्या गोण्यांवर टपकतो. याला कंटेनर रेन म्हणतात. म्हणून आतून क्राफ्ट पेपर लावतात, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतात, आणि मुळात माल कोरडा भरतात, बाकी सगळे उपाय त्याच्यानंतरचे.

आता साठवण. जुना माल न शिजण्याची कारणं दोन आहेत आणि लोक ती सर्रास एकच समजतात. पहिलं म्हणजे कुचर दाणा, ज्याचं साल इतकं कडक झालेलं असतं की रात्रभर भिजवूनही पाणी आत शिरत नाही, हे माल फार कोरडा झाल्यावर जास्त होतं. दुसरा दोष जास्त वाईट, दाणा पाणी पितो, छान फुगतो, पण तासन्‌तास उकळला तरी मऊ होत नाही. हा उष्णता आणि दमटपणाचा परिणाम. त्याचं बरंचसं मान्य स्पष्टीकरण असं की दाण्यातलं फायटेट (फॉस्फरस साठवणारं द्रव्य) हळूहळू मोडतं, त्यानं धरून ठेवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सुटतं आणि पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला जाऊन बसतं, मग ते पेक्टिन उकळत्या पाण्यात विरघळत नाही आणि पेशी सुट्या होत नाहीत. झालेला बदल गोदामात परत फिरवता येत नाही, खायचा सोडा घालून शिजवणं वगैरे तात्पुरतं. शिवाय राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक विषारी प्रथिन) असतं, ते खळखळून उकळल्याशिवाय मरत नाही, कमी आचेवर कोमट शिजवलेला राजमा पोट बिघडवतो.

थोडक्यात जास्त कोरडं केलं तर कुचर आणि उतरवताना फुटतंय, ओलं ठेवलं तर हट्टी, म्हणजे फुगूनही न शिजणारा दाणा, आणि बुरशी. मधली जागा साधारण १३-१४ टक्के ओलावा, गार गोदाम आणि हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आत. प्रकाशाचाही मुद्दा आहे, पिंटोसारखे फिकट दाणे उजेडात आणि उष्णतेत तपकिरी पडत जातात आणि गिऱ्हाईक रंग बघूनच म्हातारा माल ओळखतं.

कीड म्हणजे मुख्यतः भुंगेरे. अकॅन्थोसेलाइडिस हा शेतातूनच शेंगेबरोबर येऊ शकतो आणि अंडी दाण्यांमधे सुटी टाकतो, झॅब्रोटिस मात्र अंडं दाण्याला चिकटवून टाकतो. या फरकाचा एक मजेशीर फायदा आहे. अकॅन्थोसेलाइडिसच्या अळीला दाण्यात भोक पाडायला बराच वेळ एका जागी टेकू धरून राहावं लागतं, त्यामुळं डबा किंवा गोणी दिवसातून दोन-तीनदा लोळवली तर तिचा टेकू सुटतो आणि ती दमून मरते. छोट्या साठ्याला हे चालतं, शंभर टनाला अर्थातच नाही. तिथं फॉस्फिन वायूची धुरी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्यानं हा वायू सोडतात, आधी मिथाइल ब्रोमाइड वापरायचे पण ते ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानं ते क्वारंटाइनसारख्या कामांपुरतं उरलं. फॉस्फिनला घाई चालत नाही, अंडी आणि कोष चिवट असतात, त्यामुळं कित्येक दिवस घट्ट झाकून ठेवावं लागतं आणि गार हवेत आणखी जास्त, दोन दिवसांत ताडपत्री उघडली की उरलेल्या किडींतून औषधाला न जुमानणारी पिढी तयार होते. वायू माणसालाही जीवघेणा आहे, धुरी दिलेला कंटेनर हवा खेळवून आणि मोजून झाल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. हवाबंद पिशव्यांचा मार्ग वेगळा, आत किडीच ऑक्सिजन संपवतात आणि गुदमरतात.

बाकी गोदामाचं शिस्तीचं काम, थप्पी भिंतीपासून लांब आणि पॅलेटवर, आलेला आधी बाहेर, आणि नवा-जुना लॉट कधीही एकत्र करायचा नाही, कारण एकाच भांड्यात अर्धे दाणे मेणासारखे आणि अर्धे खडे निघाले की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. प्रयोगशाळेत यासाठी मॅटसन कुकर वापरतात, १९४० च्या दशकात स्वीडनमधे वाटाण्यासाठी निघालेली कल्पना. एकेका दाण्यावर एकेक वजनदार सुई उभी असते, सगळं उकळत्या पाण्यात, दाणा शिजला की सुई त्यातून आरपार खाली जाते आणि वेळ लिहून घेतात. यंत्र नसलेला घाऊकवाला प्रत्येक गाडी उतरवण्याआधी त्यातले मूठभर भिजवून, उकळून, चिमटीत दाबून बघतो.